रस्ता कुणाच्या बापाचा?

"पार्किंगची उत्तम सोय आहे."

आपल्याच एका अभ्यासवर्गाच्या पत्रकात ही ओळ छापलेली होती. सूतगिरणीत दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचली. विषय 'समता आणि आपण'. गाव नाशिक. ठिकाण गंगापूर रोडच्या पार पुढं कुठलंसं लॉन. तारीख १ मार्च, म्हणजे काळाराम सत्याग्रहाच्या दिवसाची आदली संध्याकाळ. खाली पार्किंगचं छापलेलं. कुठली बस तिथं जाते, कुठं उतरायचं, किती चालायचं, यातलं काहीच नाही.

मित्रहो, मी या एका ओळीवर लिहिणार आहे. हसायचं तर हसा. पण आधी तिथवर माझ्याबरोबर या.

माझ्याकडं गाडी नाही. मोटार तर नाहीच, मोटारसायकलही नाही. चालवताही येत नाही. रिंगफ्रेमवर साईडरचं काम करतो. तुटलेलं सूत सांधत दोन फ्रेमांच्या मधल्या गल्लीत आठ तास फेऱ्या मारायच्या. तेव्हा चालण्याचं मला कौतुक नाही नि भीतीही नाही. रजा टाकली, धुळ्याहून एसटी धरली. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव, आडगाव करत चार तासांत द्वारकेला उतरलो. म्हटलं, पोचलो.

कसला पोचतो! धुळ्याहून नाशिक चार तास, नि नाशकातून नाशकात अडीच तास.

द्वारकेला मुंबई-आग्रा महामार्ग नि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांत घुसतात. वर उड्डाणपूल, खाली ट्रक, रिक्षा, एसट्या. माणूस मात्र हिशेबातच नाही. एक म्हातारा हातात पिशवी घेऊन माझ्या शेजारी उभा होता. तो पाय पुढं टाकी, मागं घेई. मीही तेच करत होतो. शेवटी आम्ही दोघं एका उसाच्या ट्रॅक्टरची आड धरून पार झालो. म्हातारा म्हणाला, "आज निभावलं." रस्ता ओलांडण्याला हा शब्द!

१९८२ साली नाशिक, सातपूर, नाशिकरोड, देवळाली एकत्र करून महापालिका झाली, २५९ चौरस किलोमीटरची. मधे शेतं होती, मळे होते. आता तिथं कॉलन्या आहेत. रेल्वे स्टेशन मूळ गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. इंग्रजाच्या काळात, १८८९ साली, गावातून स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. म्हणजे घोड्याच्या जमान्यातही कुणाला तरी वाटलं, की ज्याच्याकडं घोडा नाही त्यानंही स्टेशनावर जावं. ती ट्राम पुढं बंद पडली. शहर मात्र पसरत गेलं, नि ते गाडीवाल्याच्या मापानं पसरत गेलं. गाडीवाल्याला सहा किलोमीटर म्हणजे एक गाणं. आपल्याला सहा किलोमीटर म्हणजे एक रिक्षा, एक बस नि उरलेली पायपीट.

मी शेअर रिक्षानं सीबीएसला गेलो, तिथून सिटीलिंकची बस धरली. ही महापालिकेची बससेवा ८ जुलै २०२१ पासून आहे, त्याआधी शहरात एसटीच धावायची. बस चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण जिथं संपली तिथून लॉन तीन किलोमीटर. फुटपाथ कधी होता, कधी नव्हता. होता तिथं त्यावर गाड्या उभ्या. अंधार पडलेला. बंगल्यांची कुत्री एकमेकांना माझी बातमी देत होती. रात्री अनोळखी वस्तीतून पायी जाणारा काळा माणूस बघून एका वॉचमननं विचारलंच, "कुठं चालला?" बिचाऱ्याची नोकरीच ती. पण मोटारीतून जाणाऱ्याला त्यानं विचारलं नव्हतं, मी बघत होतो.

लॉनवर पोचलो तेव्हा पहिलं भाषण संपलेलं. बाहेर मोटारसायकली मोजल्या, मला असल्या सवयी आहेत. एक्केचाळीस मोटारसायकली, सात मोटारी. आत ऐंशी-पंच्याऐंशी माणसं. बाया चार, त्यातल्या दोघी वक्त्यांच्या घरच्या. नि व्यासपीठावरून एक विद्वान कळवळून सांगत होते, "आपल्या चळवळीत स्त्रिया का येत नाहीत, याचा आपण विचार केला पाहिजे."

विचार करायला त्यांना फार लांब जावं लागलं नसतं. माझी आत्या त्याच शहरात राहते, सिडकोकडच्या एका वस्तीत. तिला मी फोन केला होता. ती म्हणाली होती, "अरे दादा, मी काय तिथं उडून येऊ का? नि रात्री परत कशी येऊ?"

कार्यक्रम संपला साडेनऊला. पायी जाऊन बस मिळायची आशा नव्हती. एका पोरानं मला मोटारसायकलवर मागं बसवून आत्याच्या दारात सोडलं. त्याचे उपकार आहेत. पुढं मी जे लिहितोय ते त्या पोराविरुद्ध नाही. पण मागं बसून येताना एक गोष्ट डोक्यात घोळत होती. परत जायचं की नाही हे आज माझ्या पायावर नव्हतं, त्याच्या मर्जीवर होतं. पोरगा भला होता. भला नसता तर?

इथं बाबासाहेब आठवले. १९०१ साली ते, त्यांचा भाऊ नि बहिणीची पोरं वडिलांकडं गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांचा माणूस आलाच नव्हता. पोरं महाराची म्हटल्यावर एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली. भाडं दुप्पट, गाडी पोरांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूनं पायी चालणार. पुढं १९२९ साली, २३ ऑक्टोबरला, आमच्याच खानदेशात, चाळीसगावला. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, कौन्सिलचे सभासद होते. टांगेवाले म्हणाले, महाराला बसवून टांगा हाकणार नाही. टांगा मिळाला, हाकणारा नाही. वस्तीतला एक माणूस हाकायला बसला, त्याला हाकायची सवय नव्हती. मोरीवर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. त्यांनीच हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. विलायत बघून आलेल्या माणसाचा पाय स्टेशनावरून महारवाड्यात जाताना मोडतो.

आता प्रश्न असा. त्या टांगेवाल्याचा अन्याय आपल्याला कळतो. तिथं एक माणूस आहे, त्याचं तोंड आहे, त्या तोंडातून 'नाही' आलंय. १९२४ साली वायकोमला सत्याग्रह झाला तो तर देवळातही जायचा नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालायचा होता. तिथं पाटी होती, पोलीस होता. बोट दाखवता येत होतं. आपल्या घटनेत पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांच्या रांगेत 'रस्ते' हा शब्द लिहिलेला आहे. तो तिथं उगीच आलेला नाही. १९५५ च्या कायद्यानं तर रस्ता नाकारणं नि सार्वजनिक वाहन नाकारणं दोन्ही गुन्हा ठरवला.

पण आत्याला कुणी नाकारलं? ती रोज सकाळी महामार्ग ओलांडून इंदिरानगरकडं तीन घरची धुणीभांडी करायला जाते. तिला कुणी जात विचारली नाही. कुणी 'मागं हो' म्हणालं नाही. खालचा बोगदा आहे, तो गाड्यांनी तुंबलेला. तिचा गुडघा गेलाय. सिग्नल हिरवा असतो तेवढ्यात धडधाकट पोरगं पार होतं, आत्या मधेच अडकते. ज्यानं सिग्नलचे सेकंद ठरवले त्याला आत्या माहीत नाही. त्याच्या मनात आत्याविषयी वाईट काहीच नाही. त्याच्या मनात आत्या नाहीच.

मग याला अन्याय म्हणायचं, की नुसती गैरसोय? आपल्यातले शिकलेले मित्र मला सांगतात, अन्यायाला करणारा लागतो, हेतू लागतो, नाहीतर पाऊस पडला तरी अन्याय म्हणशील. हे मला बरेच दिवस पटत होतं. आता पटत नाही. पाऊस कुणी पाडत नाही. रस्ता मात्र कुणीतरी आखतो, त्याचं टेंडर निघतं, त्यावर सही होते, पैसा आपल्या सगळ्यांचा लागतो. आत्या आगपेटी घेते तेव्हाही कर भरते. त्या पैशातून उड्डाणपूल होतो, नि त्या पुलावर ती आयुष्यात एकदाही पाय ठेवू शकत नाही. नुकसान तिचं होणार हे कळायला विद्वत्ता लागत नाही, सकाळी सातला तिथं जाऊन उभं राहिलं तरी दिसतं. जे दिसू शकतं ते बघायचंच नाही, आणि न बघण्याची किंमत दर वेळी त्याच माणसांनी मोजायची. याला हेतू नाही म्हणून सोडून द्यायचं? गावात आपली वस्ती पाण्यापासून लांब असायची, तिथं तरी प्रत्येक पिढीत कोण मुद्दाम हेतू धरत होतं? वस्ती तिथं 'होती', एवढंच. बहुतेक जुलूम असाच असतो, सवयीचा. करणाऱ्याला झोप छान लागते.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. त्याच रात्री मोटारसायकलवर त्या पोराशी बोलणं झालं. मी म्हटलं, आपण बसची मागणी लावून धरायला पाहिजे. तो वळून म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. माझा आजा चपला हातात घेऊन गावातून चालायचा. ही गाडी मी हप्त्यानं घेतली, पुढं जयभीम लिहिलं नि गावच्या वेशीतून आत नेली. त्या दिवशी आजा रडला. नि तुम्ही सांगता बसनं फिरा?"

मी गप्प झालो. खरं आहे त्याचं. आपल्या नवरदेवानं घोड्यावर बसायचं तर अजून कुठं कुठं पोलीस बोलवावे लागतात. आपला पोरगा मोटारसायकलवर टेचात बसला म्हणून मार खाल्ल्याच्या बातम्या येतात. चालणं ही ज्यांनी हौस म्हणून धरली त्यांच्या काठीचे नि पंचाचे पुतळे झाले. आपल्याला चालणं शिक्षा म्हणून मिळालं. तेव्हा 'पायी चला, साधे राहा' असला उपदेश मी कुणाला करणार नाही. करील त्याच्या तोंडावर मीच आधी हसेन.

पण त्याच्या बोलण्यात एक गाठ आहे नि ती सांधायला मला दोन दिवस लागले. गाडी घेऊन त्याची मान वर झाली, ती त्याच्या कमाईनं. हप्ता थकला तर? गाडी जाते, नि मान? हक्क असा हप्त्यावर मिळत नसतो. आज्याला चप्पल घालून गावातून चालता यायला पाहिजे होतं, त्यासाठी त्याला नातवाच्या गाडीची वाट बघावी लागली, हीच तर तक्रार आहे. आणि गाडी पोराला मिळाली, आजीला नाही. आत्याला तर या जन्मी मिळणार नाही.

अमेरिकेत माँटगोमेरी गावात १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बाईनं बसमधली जागा सोडली नाही. त्यानंतर काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस. धुणीभांडी करणाऱ्या बाया मैलोनमैल चालल्या. त्यांच्यातल्या ज्यांच्याकडं मोटारी होत्या त्यांनी त्या काढल्या, ठराविक जागी उभ्या केल्या, वेळा ठरवल्या नि माणसं कामावर पोचवली. तिथंही मोटार होती, पण ती चळवळीची झाली. मागणी मात्र 'प्रत्येकाला मोटार द्या' अशी नव्हती. मागणी बसमधल्या जागेची होती. गाडी असणाऱ्या आपल्या पोरांना मी एवढंच विचारतो, की एक्केचाळीस मोटारसायकलींच्या मागच्या किती जागा त्या रात्री रिकाम्या आल्या?

२ मार्चला सकाळी आत्याला म्हटलं, आज खाडा कर, तुला फिरवतो. बावीस वर्षं नाशकात राहून तिनं त्रिरश्मीची लेणी बघितली नव्हती. तिच्या वस्तीपासून फार लांब नाहीत. पण वाटेत महामार्ग आहे, नि रविवार कुणाच्या घरी असतो!

आधी पंचवटीत गेलो, निमाणीपर्यंत बसनं नि पुढं हळूहळू पायी. गल्ल्या जुन्या, अरुंद, माणसाच्या मापाच्या. आत्या इथं बिनघोर चालत होती. काळारामाच्या पूर्व दरवाज्यासमोर उभे राहिलो. मी तिला सांगितलं, २ मार्च १९३० ला याच दाराशी आपली पंधरा हजारांच्या आसपास माणसं चालत आली. दारं बंद होती. मिरवणूक तशीच गोदावरीच्या घाटावर गेली नि तिची सभा झाली. दुसऱ्या दिवशी चारही दरवाज्यांवर पहिली तुकडी बसली, १२५ पुरुष नि २५ बाया.

"पंचवीस बाया?" आत्या म्हणाली. "त्या कशानं आल्या असतील?"

मला सांगता आलं नाही. कुठल्या पुस्तकात ते मी वाचलेलं नाही. दादासाहेब गायकवाडांनी खेडोपाडी माणूस न् माणूस जोडला होता, एवढं ठाऊक आहे. पण ऐंशी माणसांतल्या चार आणि तुकडीतल्या पंचवीस, हा हिशेब माझ्या डोक्यातून जाईना.

मग रथाची गोष्ट सांगितली. ९ एप्रिल १९३०, रथयात्रेचा दिवस. तडजोड अशी, की दोन्हीकडच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. आपली माणसं हात लावणार तोच सनातन्यांनी रथ भलत्याच वाटेनं पळवला. दगडफेक झाली, डोकी फुटली. आणि त्यानंतर आसपासच्या गावांत आपल्या पोरांना शाळेतून काढलं, बाजारात माल देईनात, नि रस्ते बंद केले. सत्याग्रह पुढं काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली.

आत्या म्हणाली, "म्हणजे देवाची गाडीपण त्यांचीच." आत जायचंय का विचारलं तर मान हलवली. "नको. पाय दुखतो. नि आता काय काम तिथं?"

तिथून त्रिरश्मी. दोन बस, मधे पाऊण तास उभं राहणं. थांब्याला सावली नव्हती. शेजारच्या बाईनं सांगितलं, मागं कंत्राटी कंडक्टरांचे पगार थकले तेव्हा गाड्या बंदच होत्या. मी म्हटलं, त्यांचंही बरोबर आहे, आम्हीपण गिरणीत तेच केलं असतं. ती म्हणाली, "बरोबर आहे हो, पण मला चालत जावं लागलं." दोघींच्या बरोबरच्या मधे कोण बसलंय ते बघायला पाहिजे. २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी वाचून दाखवले होते. आत्याचा थांबा अजून उन्हात आहे.

पाथर्डी फाट्याजवळ उतरून परत महामार्ग. आत्यानं माझा दंड धरला. लेण्यांच्या पायऱ्या ती बसत बसत चढली. वर गेल्यावर मी तिला दहाव्या लेण्यातला शिलालेख दाखवला. ब्राह्मी मला वाचता येत नाही, भाषांतर वाचलंय. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. नहपान राजाचा जावई उषवदात आपली दानं मोजून सांगतो. त्यात तीन लाख गायी आहेत, देवाब्राह्मणांना सोळा गावं आहेत, ते आपण नजरेआड करायचं नाही. पण त्याच दगडात असंही कोरलंय, की इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्यानं नावांची फुकट उतारसोय केली, नि दोन्ही काठांवर वाटसरूंसाठी निवारे नि पाणपोया केल्या. तापी! माझी तापी. म्हणजे ज्याच्याकडं नाव नाही त्यालाही पल्याड जाता आलं पाहिजे, हे या मुलखात एकदा दगडात कोरण्याइतकं महत्त्वाचं होतं. धर्मादाय म्हणून, पुण्य म्हणून, कबूल. हक्क म्हणून नाही. पण नदीच्या काठावर अडकलेला माणूस त्या राजाच्या जावयाला दिसला तरी होता.

तिथल्याच लेखात विणकरांच्या श्रेणीकडं ठेव ठेवल्याचं आहे. दोन हजार कार्षापण, त्याच्या व्याजातून भिक्खूंची चीवरं. आपल्या धंद्याची माणसं, आत्या, बघ, त्यांच्याकडं पैसे ठेवायचे. ती हसली. "आता तुझ्याकडं कोण ठेवतं?"

वरून सगळा महामार्ग दिसतो. मी बघत बसलो. याच रस्त्यावरून ६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून आदिवासी शेतकरी मुंबईला पायी निघाले होते, १८० किलोमीटर. मुंबईत पोचल्यावर दहावीच्या पोरांना परीक्षेला अडथळा नको म्हणून रात्रीतून चालले, फुटलेल्या पायांनी. रस्ता कसा वापरावा हे त्यांनी मोटारवाल्या शहराला शिकवलं. नि २०२० च्या मे महिन्यात याच रस्त्यानं मुंबईतली मजूर माणसं, पोरं खांद्यावर घेऊन, उत्तरेकडं चालत गेली. तेव्हा गाड्या बंद होत्या. कुंभमेळ्यालाही, २०१५ ला, बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवर थांबवून भाविकांना बसनं आत आणलं नि पुढं चालायला रस्ते मोकळे करून दिले. म्हणजे करता येतं. साधूच्या पायासाठी करता येतं.

उतरायला दुपार टळली. पायथ्याच्या बुद्ध स्मारकात आत्या बराच वेळ बसली. मी बाहेर वही काढून आमच्या मंडळाला पत्र लिहिलं. पुढचा वर्ग जिथं बस थांबते तिथं घ्या, बस संपायच्या तासभर आधी संपवा, पत्रकात बसचा थांबा छापा, नि गाडीवाल्यांनी येताना वस्तीतून दोन-दोन माणसं आणायची यादी करा, बायांची नावं आधी. पत्र पोस्टात टाकलंय. उत्तर आलं नाही अजून. एका कार्यकर्त्यानं फोनवर सांगितलं, की एवढ्या मोठ्या विषयांत हा विषय जरा किरकोळ वाटतो.

संध्याकाळी आत्या मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. पल्याड मला रिक्षा धरायची होती. मी म्हटलं, तू इथंच थांब, ओलांडू नकोस. ती थांबली. मी पार झालो, मागं वळून बघितलं तर मधे ट्रकांची रांग. रांग संपेपर्यंत उभा राहिलो. ती तिकडं उभीच होती, हात वर करून.

द्वारकेला साडेसातची धुळे गाडी आली. जागा नव्हती. मालेगावपर्यंत उभ्यानं आलो.